पक्ष्यांच्या आकड्याशेजारी भरतीची वेळ छापा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की ठाणे-नवी मुंबईच्या पानांवर पक्ष्यांचे आकडे यायला लागतात. खाडीत लाखावर फ्लेमिंगो, अमक्या पाणथळीवर पक्षी निम्मे, तमक्या तळ्यावर यंदा फिरकलेच नाहीत. हे आकडे नुसते वाचून सोडून देण्याचे राहिलेले नाहीत. ते सुनावण्यांत दाखवले जातात, विकास आराखड्यावरच्या हरकतींना जोडले जातात, आणि पाणथळ भरून टाकायला निघालेला माणूसही 'इथे पक्षी येतच नाहीत' म्हणताना त्यांचाच आधार घेतो. म्हणून एक गोष्ट कळकळीने मांडायची आहे. मोजणीच्या वेळी भरती होती की ओहोटी, हे आकड्याशेजारी छापले नाही तर तो आकडा कशाच्याही कामाचा नाही. फ्लेमिंगोंच्या बाबतीत थोडेफार चालून जाईल, किनारपक्ष्यांच्या बाबतीत अजिबात नाही.

किनारपक्षी म्हणजे पक्षीनिरीक्षक ज्यांना सर्रास 'वेडर' म्हणतात ते. चिखल्या, तुतारी, टिलवे, पाणटिवळे, कोरल, शेकाटे, उचाटे. यातला लिटल स्टिंट म्हणजे छोटा टिलवा जेमतेम २०–३० ग्रॅमचा, आणि तो सैबेरियाच्या उत्तर टोकाकडून इथे येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने आपल्या यादीत या गटातल्या बऱ्याच पक्ष्यांची धोक्याची पायरी वाढवली. त्यातले कर्ल्यू सँडपायपर म्हणजे बाकचोच तुतारी, ब्रॉड-बिल्ड सँडपायपर आणि ग्रे प्लोव्हर हे तिन्ही आता 'असुरक्षित' गणले जातात, आणि हे तिन्ही आपल्या खाडीत येतात. छायाचित्रात ते गुलाबी दिसत नाहीत, म्हणून त्यांची बातमी होत नाही आणि मोजणीही धड होत नाही.

आता भरतीचे गणित. ओहोटीला ठाणे खाडीत मैलोन् मैल चिखल उघडा पडतो आणि किनारपक्षी त्यावर विखरून चरतात. तेव्हा काठावर उभ्या असलेल्या माणसाला त्यातले फार थोडे दिसतात. पाणी चढू लागले की चिखल आक्रसतो, पक्षी कडेकडेने मागे सरकतात, आणि शेवटी उठून आतल्या उथळ तळ्यांवर येऊन बसतात. सीवूड्स-नेरुळची एनआरआय संकुलामागची, टीएस चाणक्यजवळची आणि डीपीएस शाळेजवळची पाणथळ, खाडीपलीकडचे भांडुप उदंचन केंद्र, उरणकडे पाणजे, बेलपाडा, भेंडखळ ही त्यांची भरतीच्या वेळची विसाव्याची ठिकाणे. म्हणजे एकाच तळ्यावर एकाच दिवशी सकाळी आठला तीस पक्षी आणि दुपारी बाराला तीन हजार, असे होऊ शकते, आणि दोन्ही आकडे खरे असतात.

आपल्याकडच्या बहुतेक मोजण्या रविवारी सकाळी सात ते नऊमध्ये होतात. भरती रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते, म्हणजे आठवड्याला जवळजवळ सहा तास. भरतीपासून ओहोटीपर्यंतचा वेळही साधारण तेवढाच. त्यामुळे एका रविवारी सकाळी आठला पूर्ण भरती असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी पूर्ण ओहोटी असते. आपल्या कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे; चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्या रीतीने पाहा: शुद्ध दशमीच्या रविवारी भरती सकाळी साडेसातच्या सुमारास, तळी पक्ष्यांनी भरलेली. सात दिवसांनी वद्य द्वितीया, भरती दुपारी दीडच्या आसपास, सकाळी तळी रिकामी. 'आठवड्यात पक्षी पळाले' ही बातमी अशीच तयार होते. पळालेला कोणी नसतो, सगळे समोरच्या चिखलावर चरत असतात. ही पाऊणपटीची रीत अंदाजापुरतीच, तासाभराचा फरक सहज पडतो. मोजणीला मुंबई बंदराचे भरतीचे कोष्टक घ्यावे, आणि खाडीत जितके वर जावे तितकी भरती उशिरा पोहोचते हेही धरावे. दिवाळे, वाशी, ऐरोली, विटावा यांचा उशीर वेगवेगळा आहे. जेट्टीच्या खांबावर खूण करून दोन-तीन उधाणांना पाणी चढायचे नेमके कधी थांबते ते पाहिले, की त्या जागेचा फरक कायमचा हाताशी येतो.

तेव्हा मोजणीचा दिवस वारावरून नाही, तिथीवरून ठरवायला हवा. अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे दोन दिवस उधाण असते, सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांग. भांगाच्या भरतीत पाणी कमी चढते आणि वरच्या कडेचा चिखल उघडा राहू शकतो. मग पक्षी आतल्या तळ्यांवर येतच नाहीत, आणि मोजणारा म्हणतो, भरती होती तरी पक्षी नव्हते. म्हणून दर महिन्याला एका उधाणाची दिवसाची भरती पकडावी. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपासच येते. पावसाळ्यात दुपारची भरती मोठी, हिवाळ्यात मध्यरात्रीची. त्यामुळे 'साडेचार मीटरच्या वरच मोजू' असा नियम केला तर डिसेंबर-जानेवारीत उजेडात मोजायला दिवसच उरणार नाही. त्या पंधरवड्यातली दिवसाची मोठी भरती घ्यावी, तिची उंची लिहावी, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तेवढ्याच उंचीच्या भरतीशी तुलना करावी. काही महिन्यांत उधाण आठवड्याच्या मधोमध येते आणि एकही रविवार जुळत नाही. तेव्हा सुट्टीच्या दिवशी मोजणारे अडतात. इथे महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि निवृत्त मंडळी यांना हाताशी धरावे लागेल. दिवस मात्र रविवारकडे ओढू नये.

दुपारी बारा वाजता मोजायचे म्हणजे एक अडचण पदरात येतेच. चिखलावरून उठणारी गरम हवा. स्पॉटिंग स्कोप (तिवईवर बसवायची एकनळी दुर्बीण) ४० पटीच्या वर नेला की टिलवा आणि चिखल्या दोघेही पाण्यात हलणाऱ्या सावल्या होतात. २० ते २५ पटीवर थांबावे, ट्रायपॉड शक्य तितका खाली बसवावा, आणि प्रजाती ओळखण्याचे काम भरतीच्या दोन तास आधी सुरू करावे, तेव्हा थवे यायला लागलेले असतात आणि हवा अजून स्थिर असते. एकूण आकडा भरतीच्या तासभर आधीपासून अर्ध्या तासानंतरपर्यंत घ्यावा, कारण तेव्हा पक्षी बसून राहतात. पाणी उतरू लागले की पहिला चिखल दिसताच ते निघतात.

उभे राहण्याची जागाही ठरलेली हवी आणि दर वेळी तीच हवी. नवी मुंबई खाडीच्या पूर्व काठावर आहे, म्हणून खाडीकडे पाहताना सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि रंग स्वच्छ दिसतात. संध्याकाळी त्याच जागेवरून सगळे पक्षी काळे. ठाणे-भांडुपच्या बाजूने नेमके उलट. आतल्या तळ्यांवर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तिथे वाऱ्याकडे लक्ष द्यावे. विसावलेला थवा वाऱ्याकडे तोंड करून बसतो. थव्याच्या समोरून किंवा पाठीमागून पाहिले तर रांगा एकमेकींआड जातात आणि आकडा कमी येतो. बाजूने पाहावे.

विसावलेला थवा जवळून पाहिला आहे त्याला कळेल की ओळख पटवणे किती अवघड असते. पक्षी एका पायावर उभा, चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली, डोळा मधूनच उघडतो. पुस्तकात ज्या चोचीवरून ओळखायला सांगितलेले असते ती चोच दिसतच नाही. पाणी पोटाला लागले की एक पक्षी त्याच एका पायावर उडी मारत बांधाकडे सरकतो, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, पंख न उघडता सगळी रांग वर चढते. ओळख पाठीच्या छटेवरून, छातीच्या पट्ट्यावरून, पायाच्या रंगावरून आणि बसण्याच्या जागेवरून करावी लागते. चिखल्या बांधाच्या कोरड्या भागावर सुटेसुटे बसतात, छोटे टिलवे पाण्याच्या कडेला दाटीने, पाणटिवळे पोटरीभर पाण्यात. थवा उडाला तर उलट चांगली संधी. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याच्या पंखावर ठळक पांढरा पट्टा दिसतो, पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याला तो नसतो. बाकचोच तुतारीचा पार्श्वभाग पांढराशुभ्र असतो, डनलिन नावाच्या तुतारीच्या पांढऱ्यातून मधोमध काळी रेघ जाते. म्हणून थवा मुद्दाम उडवायचा मात्र नाही. पक्ष्यांनी माना वर केल्या, झोपलेले जागे झाले, एक-दोन चालू लागले, की आपण फार पुढे आलो आहोत. तिथूनच मागे फिरावे.

लेसर सँड प्लोव्हर ज्याला आपण सरसकट म्हणत आलो त्या चिखल्याच्या आता दोन प्रजाती मानल्या जातात, तिबेटी आणि सैबेरियन. आपल्याकडे बहुतांश तिबेटी असतात. हिवाळी पिसाऱ्यात दोघांना वेगळे काढण्याचा हट्ट धरू नये. 'दोन्हींपैकी एक' असे लिहावे. एप्रिलच्या अखेरीस नर रंगात येतात, तेव्हा तिबेटीचे कपाळ पूर्ण काळे आणि सैबेरियनच्या कपाळावर पांढरे असते. तेवढ्या दिवसांत छायाचित्र घेऊन नक्की करता येते. 'ओळख पटली नाही, लहान आकाराचा किनारपक्षी' असा रकाना नोंदवहीत हवाच. तो रिकामा दाखवणारी यादी जास्त हुशार माणसाची नसते. तिच्यात बळेच चिकटवलेली नावे असतात.

मोजण्याची रीत. दोनशेपर्यंतचा थवा एकेक करून मोजता येतो, बोटाने दाबायचे मोजयंत्र हातात असावे म्हणजे डोळा स्कोपवरून हलत नाही. त्याहून मोठ्या थव्यात आधी दहा पक्षी मोजून ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवावे, मग शंभर, आणि तो शंभराचा तुकडा थव्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठेवत जावे. यात नवखा माणूस जवळजवळ नेहमी कमी मोजतो, कारण तो कडेच्या विरळ भागावरून शंभराचा तुकडा ठरवतो आणि मधल्या दाटीलाही तोच लावतो. दाटीचा तुकडा वेगळा ठरवावा. दोघांनी मोजावे, एकमेकांना न सांगता लिहावे, आणि मगच वह्या जुळवाव्या. दहा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत आली तर पुन्हा मोजावे. आधी मोठ्याने आकडा सांगितला की दुसऱ्याचा आकडा आपोआप त्याच्याजवळ येतो, आणि मग दोन मोजण्या झाल्या असे म्हणण्यात अर्थ राहत नाही. उडता थवा छायाचित्रात पकडून घरी संगणकावर एकेका पक्ष्यावर ठिपका देत मोजावा. आपल्या अंदाजाची सवय तपासायला याच्यासारखा दुसरा उपाय नाही.

मिश्र थव्याच्या हिशेबात आधी एकूण आकडा आणि नंतर प्रजातींचा वाटा, हा क्रम मोडू नये. समजा एकूण ३,२०० पक्षी आहेत. स्कोप थव्याच्या पाच वेगवेगळ्या ठिकाणी लावून प्रत्येक ठिकाणी शंभर पक्षी ओळखले. छोटे टिलवे अनुक्रमे ६२, ५८, ३५, ६०, ५५ निघाले, म्हणजे ५०० पैकी २७०, ५४ टक्के. चिखल्या १५०, बाकचोच तुतारी ८०. तर एकूणात टिलवे सुमारे १,७००, चिखल्या सुमारे ९६०, बाकचोच तुतारी सुमारे ५००. इथे तिसऱ्या ठिकाणी टिलवे ३५ च आले म्हणून तो नमुना चुकला असे समजून सोडून देण्याचा मोह होतो. तो सोडायचा नाही. प्रजाती थव्यात सारख्या मिसळलेल्या नसतात, त्या गटागटाने बसतात, आणि तो नमुना तेच सांगत असतो. पाचही नमुने थव्याच्या जवळच्या कडेवरून घेणे ही नेहमीची चूक, कारण लांब पायांचे पक्षी पलीकडे खोल पाण्यात असतात आणि हिशेबातून गळतात.

नेरुळ-सीवूड्सची तिन्ही तळी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एकच गट एक तळे मोजून दुसऱ्यावर जाईपर्यंत कुत्रे आले, घार फिरली, बहिरी ससाणा आला, की पहिल्या तळ्यावरचा थवा दुसऱ्यावर त्याच्या आधी पोहोचलेला असतो. तेच पक्षी दोनदा मोजले जातात, किंवा दोन्हीकडून निसटतात. सगळ्या तळ्यांवर एकाच वेळी माणसे हवीत. भरतीच्या अर्धा तास आधी सगळ्यांनी एकदम मोजणी सुरू करावी, आणि थवा उठला की 'अकरा पन्नास, सुमारे सहाशे, दक्षिणेकडे' एवढा निरोप गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकावा. तळे रिकामे असेल तर शून्य लिहावे. शून्याची नोंद नसेल तर पुढे कळत नाही की पक्षी नव्हते की माणूस गेला नव्हता. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकतानाही आकड्याऐवजी 'एक्स' टाकण्याची सवय आहे. त्यातून पक्षी होता एवढेच कळते, किती होते ते कायमचे हरवते. दहा मोजले असतील तर दहा टाका, अंदाज असेल तर अंदाजाचा आकडा टाका.

पक्ष्यांच्या पायांत रंगीत पट्ट्या किंवा कडी दिसली तर रंग, वरून खाली क्रम, डावा की उजवा पाय, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, आणि अक्षरे वाचता आली तर तीही लिहून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे. एक जरी गोष्ट राहिली तरी तो पक्षी कोणता ते सापडत नाही.

पक्षी मोजताना पाणी मोजले जात नाही, आणि खरे कारण तर तिथेच असते. छोट्या टिलव्याच्या पायाचे घोट्याखालचे हाड सुमारे २ सेंटिमीटरचे, बाकचोच तुतारीचे सुमारे ३, लाल टिलव्याचे (रेडशँक) पाचच्या आत, शेकाट्याचे १२ च्या आसपास. तळ्यात घोटाभर पाणी वाढले की टिलवे आणि तुतारी बाहेर, शेकाटे मात्र निवांत. म्हणून प्रत्येक तळ्यात सेंटिमीटरच्या खुणांचा एक खांब रोवावा, दर मोजणीला त्याचा आकडा लिहावा, आणि तळ्याचा अंदाजे किती भाग पाण्याखाली, किती ओला चिखल, किती कोरडा तेही लिहावे. खाडीतून पाणी आत येण्याची वाट, मग ती मोरी असो की पाइप, गाळाने किंवा भरावाने बुजली की दोनपैकी एक होते. तळे सुकते, चिखलाला भेगा पडतात, त्यातले किडे-अळ्या मरतात. किंवा पावसाचे पाणी अडून राहते, तळे खोल होते, शेवाळ माजते. दोन्ही वेळा बातमी एकच येते, पक्षी घटले. खांबावर आठवडेच्या आठवडे ३० सेंटिमीटर दिसत असेल तर कारण शोधायला समिती नेमायची गरज नाही, मोरी साफ करायची गरज आहे. उधाणाच्या दिवशी मोरीच्या बाहेर आणि आत पाणी किती चढले ते एकाच वेळी पाहिले तर वाट मोकळी आहे की नाही ते तासाभरात समजते.

एक कटू वाटेल असे मत इथे मांडतो. तिवरांचे रक्षण व्हायलाच हवे, त्यात दुमत नाही. पण खाडीत गाळ साचून उंच झालेल्या चिखलावर तिवरे स्वतःहून पसरतात, आणि उघड्या सपाट चिखलावरच जगणाऱ्या पक्ष्यांची तेवढी जागा जाते. किनारपक्षी तिवरांच्या दाटीत उतरत नाहीत, कारण तिथून ससाणा येताना दिसत नाही. जिथे पूर्वीपासून उघडा चिखल आहे तिथे तिवरे लावण्याचे उपक्रम करण्याआधी ती जागा भरती-ओहोटीच्या वेळी कोण वापरते ते मोजून घ्यावे. नोंदवहीत तिवरांची कड कुठपर्यंत आली हे वर्षातून एकदा, ठरलेल्या जागेवरून छायाचित्र घेऊन ठेवावे.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, ती १९८७ पासून चालत आली आहे आणि तिचे महत्त्व मोठे आहे. पण एका महिन्यावर आपल्या खाडीचे चित्र उभे राहत नाही. त्यातून जानेवारीत संक्रांतीचे पतंग आणि मांजा, म्हणजे काही तळ्यांवर थवे बसतच नाहीत. किनारपक्षी ऑगस्टपासून यायला लागतात. आधी प्रौढ येतात, पिल्ले मागून. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये थव्यात पिल्लांचे प्रमाण किती हे पाहिले तर उत्तरेत त्या वर्षी वीण कशी झाली ते कळते. पिल्लांच्या पाठीची पिसे नवी, काठाला फिकट किनार असलेली असतात, खवल्यांसारखी दिसतात. प्रौढांची झिजलेली असतात. ध्रुवीय प्रदेशात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी ज्या वर्षी कमी असतात, त्या वर्षी कोल्हे तुतारीच्या पिल्लांवर तुटून पडतात, आणि त्याचा परिणाम आपल्या नेरुळच्या तळ्यावर दिसतो. मार्च-एप्रिल हा परतीचा काळ. तेव्हा पक्षी अंगावर चरबी चढवत असतात आणि कुत्र्यामुळे, ड्रोनमुळे, उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून चिखलात उतरलेल्या माणसामुळे उडालेली प्रत्येक फेरी त्या चरबीतून जाते. जून-जुलैत सगळे निघून गेले असे समजून कोणी मोजत नाही. पण वीण न करणारे पहिल्या वर्षाचे बरेच पक्षी इथेच राहतात. पावसाळ्यात खाडी त्यांच्याविना मोकळी आहे असे धरून जी कामे काढली जातात, त्यांना उत्तर द्यायला या दोन महिन्यांचे आकडे हवेत.

कायद्याच्या दृष्टीनेही प्रजातीवार आकडा लागतो. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले, सुमारे १,६९० हेक्टर. २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला, ६,५२१ हेक्टर. रामसरच्या निकषांत एक असा आहे की एखाद्या प्रजातीच्या किंवा उपप्रजातीच्या एखाद्या समूहातले एक टक्का पक्षी एखाद्या पाणथळीवर नेमाने येत असतील तर ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरते. हा एक टक्का प्रत्येक प्रजातीचा वेगळा आहे. 'किनारपक्षी ५,०००' असे लिहिले तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आणि ज्या तळ्यांवर हे पक्षी भरतीला बसतात त्यातली बरीच अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. २०१७ च्या पाणथळ नियमांतून मिठागरे आणि काही मानवनिर्मित जलसाठे वगळलेले आहेत. म्हणजे खाडीला संरक्षण आणि तिच्या पक्ष्यांच्या विसाव्याच्या बऱ्याच जागांना नाही. खाडीतले पक्षी आणि तळ्यांवरचे पक्षी एकच आहेत हे दाखवायचा मार्ग एकच: एकाच भरतीला दोन्हीकडची मोजणी, थव्यांच्या उड्डाणाच्या वेळा आणि दिशेसह.

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आहे, म्हणून हा प्रश्न आता पक्षीप्रेमींपुरता राहिलेला नाही. भरतीला बसायची जागा गेली तर थवा खाडीत बुडून राहत नाही, तो दुसरी मोकळी सपाट जागा शोधतो. तो कुठे जातो आणि कोणत्या उंचीवरून जातो हे विमानांसाठीही माहीत असणे गरजेचे आहे, आणि ती माहिती भरतीच्या वेळच्या नियमित नोंदींतूनच मिळेल.

आकडे वाचताना घाई नको. एका वर्षाच्या घटीवरून कल सांगता येत नाही. एक तळे घटले आणि शेजारचे तेवढेच वाढले तर पक्षी हलले आहेत, घटले नाहीत. हलण्याचे कारण त्या तळ्याच्या पाण्यात किंवा उपद्रवात शोधावे. सगळीकडे एकाच प्रजातीची घट असेल आणि बाकीच्या प्रजाती स्थिर असतील तर कारण बहुधा दूरचे, विणीच्या जागेचे किंवा वाटेतल्या थांब्याचे. सगळीकडे सगळ्याच प्रजाती घटल्या तर आपल्या खाडीकडे पाहावे. हे तिन्ही वेगळे काढायला निदान पाच-सहा वर्षांच्या, एकाच रीतीने केलेल्या मोजण्या लागतात. मोजणारे बदलले तर जुन्या-नव्यांनी एक हंगाम बरोबरीने मोजावे, नाहीतर माणूस बदलल्याचा फरक पक्ष्यांच्या नावावर जमा होतो.

आपल्या वृत्तपत्राकडे विनंती एवढीच आहे की पक्ष्यांचा आकडा आला की पाठवणाऱ्याला विचारावे: तारीख कोणती, भरती किती वाजता आणि किती मीटर, मोजणी कधी सुरू झाली, कोणती तळी एकाच वेळी मोजली, प्रजाती वेगळ्या केल्या का. उत्तर नसेल तर आकडा न छापता नुसते 'पक्षी दिसले' असे छापावे. महापालिका आणि वन विभागाने तळ्यांवर खुणांचे खांब बसवावेत, ठरलेल्या जागांवर माणसाला उभे राहू द्यावे आणि दर महिन्याची नोंद सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. आणि उधाणांचे वर्षभराचे वेळापत्रक जानेवारीत एकदा आपल्या पानावर छापले तर मोजायला येणारे सगळे एकाच दिवशी येतील. बातमीची ओळ अशी असू शकेल: 'माघ पौर्णिमा, भरती दुपारी सव्वाबाराला, उंची अमुक मीटर, नेरुळची तिन्ही तळी आणि भांडुप एकाच वेळी, ११.४५ ते १२.४५, काळ्या शेपटीचे पाणटिवळे अमुक, बाकचोच तुतारी अमुक, ओळख न पटलेले अमुक, चाणक्य तळ्यात पाणी ९ सेंटिमीटर.' एका स्तंभात पाच-सहा ओळी लागतील.

आपले,
ठाणे खाडीकाठचे काही पक्षीनिरीक्षक
ऐरोली – नेरुळ